मोटारीला लागलेली घाण्याची सवय

आमच्या घरात सगळ्यात आधी उठायचा तो घाणा, आन् सगळ्यात शेवटी निजायचा तो बी घाणाच. मधल्या वेळात आमी मानसं कधी उठलो, कधी निजलो, हे कुनी इचारत नव्हतं. भवानी पेठंत आमचं तेल्याचं घर. पुढं वसरी, मधी घाणा, मागं चूल. घाणा म्हंजे जमिनीत रोवलेली लाकडाची थोरली उखळ, तिच्यात उभा सोटा, सोट्याला अडकिवलेली आडवी फळी, आन् त्या फळीला जुंपलेला आमचा बैल खंड्या. खंड्याच्या डोळ्याला झापडं बांधली आन् तो चालाय लागला की कुईंऽऽ कर्र, कुईंऽऽ कर्र, असा आवाज सुरू. पेठंतली तान्ही पोरं त्या आवाजावर झोपायची. मधीच घाणा थांबला की पोर रडायचं, आन् त्याची आय आमच्या दारात यिऊन म्हनायची, "अवं तेलीनबाई, काय झालं? बैल मेला का?"

त्या फळीवर वजन लागतंय. वजन असल्याबिगर सोटा दाबत न्हाय आन् तेल सुटत न्हाय. दुसऱ्यांच्यात फळीवर दगूड ठेवत्यात. आमच्या बानं इचार केला, दगूड कुटंतरी कामाला येईल, आन् मला बसिवलं. म्हंजे मी चालायच्या आधी फिराय शिकलो. आमचा घाणा उजव्या हाताचा. घाणा कायम उजव्या अंगाला ठिऊन बैल फिरायचा, देवळात आपन देवाभवती फिरतो तसा. सगळं बालपन मी त्या फळीवर बसून त्याच एका दिशेनं काढलं. खंड्याला सांजचं पानी पाजाय न्यायचं काम माजं. तो सरळ रस्त्यानं बी उजवीकडं उजवीकडं सरकायचा, आन् शेवटी शेजारच्या तेलुगू विणकराच्या वसरीत मान घालायचा. तिथली म्हातारी "अय्यो अय्यो" करत सुताची लडी उचलून पळायची. मी दोरी वढून त्याला सरळ करतोय म्हनावं, तर मी बी त्याच्या पाठोपाठ तिच्याच वसरीत. म्हातारी बाला म्हनायची, "तुझा एक बैल आंधळा झापडानं, दुसरा बिगर झापडानं."

शाळंत बी घातलं व्हतं मला. मास्तरनं पाटीवर गोल काढाय सांगितला, तो मी झकास काढला. त्या गोलाला शेपूट लावून कायतरी अक्षर करायचं व्हतं म्हनं, ते काय मला जमलं न्हाय. मी गोलावर गोल काढत बसलो. मास्तर बाला म्हनला, "ह्याला परत फळीवर बसवा, तितं तरी वजन पडंल." तितंच माजं शिक्षान संपलं. हे समदं आता माजी नात लिहून घेती. ती मगाचधरनं हसती आन् म्हनती, आजोबा, अशानं लोक तुमाला खुळं म्हनतील. म्हनू द्या की. लोकांनी मला शानं म्हनल्याचं मी तर अजून ऐकलं न्हाय.

पन खान्याची चंगळ व्हती बगा. करडीचं ताजं तेल घाण्यातनं उतरायचं ते कोमट असायचं. आय चुलीवरनं ज्वारीची भाकरी तव्यासकट घिऊन यायची, धारंखाली धरायची, वर उखळात कांडलेली शेंगांची चटनी, आन् हातानंच फोडलेला कांदा. तेल कोपरापतूर वघळायचं. कोपर चाटता येत न्हाय असं म्हनत्यात, पन मला येत व्हतं. शेंगाची पेंड निघाली की तिचा एक तुकडा खंड्याला, एक मला. बा म्हनायचा, दोघास्नी सारखं देतोय, उगं कुनाचं मन दुखाय नगं.

माजं लगीन लहानपनीच लागलेलं, त्या काळची तऱ्हाच तशी. बायको गोदा केम गावची. लगीन झाल्यावर ती म्हायेरीच ऱ्हायलेली, मोठी झाली की नांदाय यायची. ती मोठी झाली, मला मिसरूड फुटली, पन माजं सासरं काय तिला धाडंनात. मी त्यास्नी मामा म्हनायचो. केमच्या ठेसनाला लागूनच त्यांचं रान. आगगाडी थांबली की पाच गावची मानसं त्यांच्या बांधावर टेकायची, आन् कुनीतरी इचारायचं, "जावई काय करतोय?" मामाला सांगाय लाज वाटायची. एकदा बा सून मागाय गेला तवा मामा सरळच म्हनलं, "इव्हाई, राग धरू नका. पन जावई बैलामागं हाय का बैल जावयामागं, ते एकदा ठरू द्या. ज्या दिशी तो सवताच्या अकलेनं कायतरी हाकंल, त्या दिशी पोरगी धाडतो." बा परत आला आन् तीन दिस माज्याशी न बोलता खंड्याशीच बोलला. मला गोदाची लई आठवन यायची म्हनावं तर तिचा चेहरा बी धड आठवत नव्हता. लग्नात मी तिच्याकडं बगायच्याऐवजी लाडवाकडं बगत ऱ्हायलो. तरी पन मानसाची बायको ती मानसाची बायको.

अशात आप्पासाहेब वकील आमच्या दारात आलं. मोटार घिऊन. पेठंत मोटार शिरली की निम्मी पेठ तिच्यामागं आन् निम्मी घरात, अशी गत. वकीलसाहेब हाडकुळं, डोळ्याला चष्मा, बोलनं कोर्टात बोलल्यागत. बाला म्हनलं, "तुमच्याकडं एरंडेल मिळेल का? घाण्याचं, निर्मळ?"

बानं हळूच इचारलं, "किती दिसांपास्नं तरास हाय?"

"मला नाही हो! गाडीला!"

बानं मोटारीकडं बगितलं, मग माज्याकडं बगितलं. मोटारीचं बी पोट धरतंय हे आमाला ठावं नव्हतं.

मग वकीलसाहेबांनी समजावलं. थंडीच्या दिसांत गावाबाहेर घोड्याच्या मैदानात हौशी मोटारवाल्यांचा दीस असायचा. चुनखडीनं मोठा लांबट गोल आखायचं आन् ज्याची त्याची गाडी त्या गोलातनं जोरात पळवून बगायचं. त्यात बक्षीस न्हाय, पोटापान्याचा काय संबंध न्हाय, निस्ती हौस. एक गोरा साहेब, एक डाक्टर, एक कापसाच्या बेपाऱ्याचा पोरगा आन् आमचं वकीलसाहेब, असे चार पाच जन. विलायतेत पळायच्या गाडीत एरंडेल घालत्यात असं वकीलसाहेबांनी कुटल्यातरी मासिकात वाचलेलं. इंजान गरम झालं तरी ते तेल पातळ हुईत न्हाय म्हनं. बा म्हनला, "तेल देतो की. पोरगंच घिऊन यील." असा माजा मोटारीच्या धंद्यात पाय पडला, तेलाचा डबा डोक्यावर घिऊन.

त्या एरंडेलानं पयला इंगा मात्र पेठंला दावला. घाण्यातनं एरंडी काढली की घाणा राखंनं घासायचा, दोनदा भुस्सा घालून फिरवायचा, मगच खायचं तेल काढायचं, हा आमच्यातला नेम. घासायचं काम माजं. माजं मन सगळं मोटारीत, मी घाण्यावरनं निस्ता हात फिरिवला. दुसऱ्या दिशी करडीचं तेल काढलं ते गल्लीतल्या लग्नाला गेलं. पंगतीत भजी झाली, पुऱ्या झाल्या, लोकांनी बोटं चाटली. सांजंला वरात निघाली ती देवळाकडं जायची सोडून वड्याकडं निघाली. नवरदेव घोड्यावरनं उतरला तो परत घोड्यावर चढलाच न्हाय. वाजंत्रीवाला तेवढा उपाशी व्हता, तो एकटाच देवळापुढं वाजवत बसला. बानं मला इतकं बडवलं की खंड्या मधी यिऊन उभा ऱ्हायला.

घरात तोंड दावायची सोय नव्हती, म्हनून मी वकीलसाहेबांच्या वाड्याबाहेरच दीस काढाय लागलो. तितं रशीदभाई यायचं. मोटारी दुरुस्त करनारं, हातभर दाढी, दाढीला कायम तेलाचा वास. त्यांनी मला गाडी पुसाय शिकिवलं, पानी घालाय शिकिवलं, आन् मला नाद लागलाय असं बगून हळूहळू हाकाय बी शिकिवलं. "देख म्हादू," म्हनायचं, "गाडी हय ये. इसके पीछे हुर्र हुर्र नक्को करना. पुट्ठे पे हात नक्को मारना." कारन मी सुरवातीला तसंच करत व्हतो.

मैदानाचा दीस जवळ आला. एका सकाळी वकीलसाहेब हौसंनं म्हनलं, आज गाडी चालू करायचं हँडल मी मारनार, तू आत बस आन् ठिनगीचा खटका वर ठेव. मी आत बसलो. खटका व्हता वर, मी घेतला खाली. हँडलनं असा उलटा दनका दिला की वकीलसाहेब हातभर उडालं आन् मनगट सुजून भोपळ्यागत झालं. झोळीत हात अडकवून ते पायरीवर बसलं. रशीदभाई तितंच गाडीपाशी उभं व्हतं. मी पळून जायाच्या तयारीत व्हतो.

"रशीद," ते शेवटी म्हनलं, "मैदानात गाडी तू ने."

रशीदभाईनी कानाला हात लावला. "डाक्टरसाब की गाडी का जबान दे चुका मैं. उनके बाजू में बैठना हय मेरे कू."

"मग?" वकीलसाहेबांनी हळूहळू मान माज्याकडं वळिवली. फाशीचा निकाल ऐकताना आरोपी वळवतो तशी. "म्हादू, ऐक. दिवस नीट पार पाडलास, गाडी शाबूत आणलीस, तर तुला मी ड्रायव्हर म्हणून ठेवतो. कायमचा. खाकी कोट, टोपी, सगळं."

खाकी कोट! मी पळतच घरी गेलो. बानं त्याच दिशी केमला सांगावा धाडला, जावई मोटार हाकनार हाय, डोळ्यानं बगाय या. मामाचा उलटा सांगावा आला, "येतो. हाकली तर पोरगी धाडतो. न्हाय हाकली तर परत सांगावा धाडू नका."

आता सराव करायचा कुटं? आमच्या चुलत्याचं पडीक रान व्हतं, मधी एक लिंबाचं झाड. त्याच्याभवती चुना टाकून रशीदभाईनी गोल आखून दिला. "दोनो तरफ फिरा," ते म्हनलं, "येकीच तरफ नक्को. हात कू आदत लगती." मी एक फेरा उजवा मारला, एक डावा मारला. तेवढ्यात बा आला खंड्याला घिऊन, आन् लांबनंच वराडला, "आरं गाढवा! मधी म्हसोबा हाय!"

खरंच की, लिंबाच्या बुडात शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगूड व्हता. देवाभवती उलटं फिरायचं म्हंजे काय? बानं तितंच नारळ फोडला, म्हसोबाच्या पाया पडला, मला पडाय लावलं, आन् परत डावा फेरा मारायचा न्हाय अशी शप्पथ घातली. रशीदभाई इकडं बगत ऱ्हायलं, तिकडं बगत ऱ्हायलं, आन् म्हनलं, "हौ बाबा, देव का मामला हय. मैं कुछ नै बोलता." तवापास्नं मी रोज उजव्या हातानं फिरलो. आन् काय सांगू, लई झकास फिरलो! जलमभर तेच तर केलेलं. डोळं मिटून फिरलो, गानं म्हनत फिरलो. उजवीकडं वळताना उजव्या अंगाची चाकं हलकी हुईत व्हती, तर बानं त्या अंगाला पेंडीचं एक पोतं बांधलं. मी लहान असताना घाण्यावर वजन म्हनून बसायचो, आता पेंड माज्या गाडीवर वजन म्हनून बसली. खंड्या बांधावर उभा ऱ्हाऊन बगायचा. एकदा तर तो आपल्या आपनच गाडीमागं फिराय लागला.

आदल्या दिशी वकीलसाहेबांनी मला बोलावलं. "म्हादू, मैदानात गोल डावीकडून फिरायचा. सगळे तसेच फिरतात. डावीकडून. समजलं?"

"व्हय साहेब."

"कुठून?"

"डावीकडनं."

समजलं व्हतं मला, खोटं न्हाय. पन समजनं आन् ध्यानात ऱ्हानं ह्यात लांबचं अंतर. म्हनून मी शक्कल काढली. डाव्या मनगटाला काळा दोरा बांधला. ज्या हाताला दोरा, त्या बाजूला वळायचं. एवढी अक्कल माज्या डोक्यातनं निघाली म्हनून मी सवताच्याच पाठीवर थाप मारली.

मैदानात जत्रा लोटली व्हती. भेळवाला, उसाचं तुकडं, झाडावर चढलेली पोरं. मधोमध मांडव, त्यात गोरा मोठा साहेब आन् त्याची मडम खुर्चीवर बसल्याली. चुन्याच्या रेघंला लागून दोर बांधलेला, त्याच्याबाहेर बा, आय, आन् केमचा नवाकोरा पटका बांधून मामा. मामांनी मला डोक्यापास्नं पायापतूर बगितलं. वकीलसाहेबांनी मला त्यांचा जुना खाकी कोट घालाय दिला व्हता. बाह्या बोटाच्या खाली, पन कोट तो कोट. मामा बाला म्हनलं, "दिसतोय तर मानसागत." माजी छाती कोटात मावंना.

आयनं गाडीला हळदकुकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग माजा हात धरला, "देवीचा दोरा आनलाय रं बाळा," आन् करकचून बांधला. उजव्या हाताला. काळाच दोरा.

ध्यानात आलं का? मला बी तवा आलं न्हाय.

पाच गाड्या वळीनं उभ्या. मी सगळ्यात शेवटी. मासिकातलं ते एरंडेल पेटलं व्हतं, माज्या गाडीतनं असला निळा धूर निघाला की पाठीमागच्या मानसांनी नाकाला धोतराचा सोगा लावला. आमच्या गल्लीतलं एकजन दुसऱ्याला म्हनलं, "ह्यो वास वळखीचा हाय. त्या लग्नातलाच." आन् दोघंबी दोन पावलं मागं सरकलं. डाक्टरच्या गाडीतनं रशीदभाईनी माज्याकडं बगून मूठ वर केली. मांडवातल्या मोठ्या साहेबानी हातातलं निशान वर धरलं. आता डावीकडं, डावीकडं, मी मनात म्हनतोय. निशान खाली आलं. लिंबू फुटलं. मी दोरा बगाय बाह्या वर सारल्या.

दोन्ही हाताला दोरा!

एक माजा, एक देवीचा. कंचा माजा, कंचा देवीचा, काय उमगंना. डोकं गेलं, आन् डोकं गेल्यावर हातानं हातचं काम केलं. चौघं गेलं डावीकडं. मी गेलो उजवीकडं.

पयल्यांदा मला लईच बरं वाटलं. म्होरं कुनीच न्हाय! मी म्हनलं, एवढ्या चार साहेबलोकांस्नी मी एका दमात मागं टाकलं. लोकं वराडत व्हती, हात हालवत व्हती, मला वाटलं माजंच कौतिक. आयकडं बगून मी हात बी केला. आन् वळनावरनं समोर बगतो तर चारी गाड्या माज्या अंगावर येत्यात. मला राग आला. म्हनलं, ही शिकलेली मानसं, आन् सगळीच्या सगळी उलटी!

पुढचं मी डोळं मिटून बगितलं, म्हनून जसं नंतर लोकांनी सांगितलं तसं सांगतो. गाडीतला गोरा साहेब चुन्याची रेघ सोडून ज्वारीत शिरला, आन् निस्ती टोपी तेवढी कनसांवरनं चालताना दिसली. कापसाच्या बेपाऱ्याचा पोरगा भेळवाल्याच्या गाड्याशी जाऊन थांबला, कुरमुऱ्यात न्हाला. डाक्टरची गाडी माज्या अंगाला घासून गेली, तिच्यातनं रशीदभाईंचा आवाज आला, "अरे म्हसोबा नै हय इधर!" चौथा कोन व्हता तो गाडी सोडून झाडावर चढला असं म्हनत्यात. गाडी तेवढी पुढं गेली. सरावापास्नं तसंच बांधलेलं पेंडीचं पोतं डाक्टरच्या गाडीला घासून फाटलं. मैदानभर पेंड सांडत चालली, आन् आजूबाजूच्या रानातली समदी गुरं, शेरडं, वास काढत माज्यामागं पळाय लागली. म्होरं मी, मागं निळा धूर, धुरामागं शेरडं. दोराजवळनं गेलो तवा मामा मागल्या मागं उताणं पडलं आन् त्यांचा केमचा नवा पटका माज्या गाडीच्या दिव्याला अडकला. तो पटका वाऱ्यावर फडफडत मी मांडवाभवती फिरतोय. थांबायचं कसं ते आठवंना. खटका कंचा, पाय कंचा, समदं इसरलो. मैदानात दुसरी एक बी गाडी उरली नव्हती. हौशी लोकांचा तो आख्खा दीस मी एकट्यानं साजरा करत व्हतो.

शेवटी बा दोराच्या आत आला. दोन्ही हात वर केलं, आन् खंड्याला थांबवायचा तो आवाज काढला, पोटातनं, लांबलचक, "होऽऽ! होऽऽ रं!"

मी जागच्या जागी थांबलो. पाय कुटं दाबला, हात कुटं गेला, देवाला ठावं. गाडी थांबली. शेरडं बी थांबली.

गोरा साहेब ज्वारीतनं निघाला, लालबुंद, कानात कनीस. मोठ्या साहेबाच्या मांडवात सगळी जमली. मला वाटलं आता तुरुंग. पन वकीलसाहेब झोळीतला हात सावरत म्होरं झालं आन् विंग्रजीत बोलाय लागलं. काय बोललं ते त्यांनी मागनं आमाला सांगितलं. ते म्हनलं, हुजूर, आमच्या देशात ज्याचा मान करायचा त्याला उजव्या हाताला ठेवून फिरतात. मांडवात मधोमध आपण आणि बाईसाहेब बसलात. चौघांनी आपल्याभोवती उलटा फेरा धरला, तो फक्त अशुभाला धरतात. माझ्या माणसानं एकट्यानं आपला मान राखला. आता कोणाला शिक्षा करायची ते आपण ठरवा. आधी मडम हसली, मग मोठा साहेब हसला, आन् हसता हसता खुर्चीसकट मागं गेला. त्यानं मला बिस्किटाचा एक डबा दिला. सगळ्या मैदानात बक्षीस मिळालं ते फकस्त मला. तो डबा अजून हाय, नात त्यात सुया ठेवती.

पन मांडवाबाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी माज्या अंगावरचा कोट आपल्या चांगल्या हातानं सोडवला. आवाज चढवला न्हाय. "म्हादू, तू माणूस चांगला आहेस. पण तुला आणि मोटारीला एका गावात ठेवणं बरं नाही." कोट गेला, त्याच्याबरूबर नोकरी गेली. आन् मामा? मामांनी दिव्याचा पटका सोडवला, झटकला, त्यातनं पेंड पडली. बा म्हनला, "इव्हाई, घरी चला, च्या घ्या." मामा पटका काखंत मारून ठेसनाकडं चालाय लागलं. इव्हायाच्या घरचा च्या न घेता मानूस जातोय म्हंजे काय, ते मला शिकल्याबिगर बी कळत व्हतं. आय तितंच पदर डोळ्याला लावून बसली.

मग परत फळी. आता मी मोठा, फळीवर मावत नव्हतो, तर खंड्यामागं चालायचो. पेठंतली पोरं दारातनं वराडायची, "साहेब, उजवीकडं का डावीकडं?" मी त्यास्नी हसून दावायचो. पन पाठ फिरली की हसू टिकत नव्हतं. गोदाचा चेहरा आठवाय बगायचो आन् लाडूच आठवायचा. बानं मला एक शबुद बोलून दावला न्हाय. फकस्त एका दुपारी खंड्याची झापडं बांधता बांधता म्हनला, "दोरा मीच सोडून टाकाय पायजे व्हता तुज्या आयचा. मी बगितला व्हता." आन् परत घाणा सुरू केला. एवढं बोलून बानं माज्यातली निम्मी चूक आपल्या डोक्यावर घेतली, हे मला आत्ता म्हातारपनी समजतंय. तवा मी निस्तं पेंड चघळत व्हतो.

असंच एक दीस, घाणा चालू असताना दारात टांगा थांबला. मामा उतरलं, तोच पटका. त्यांच्यामागं डोईवर पदर घेतलेली, हातात गठुडं धरलेली गोदा. घाणा थांबला. शेजारची म्हातारी लगीच बाहेर आली, "बैल मेला का?"

मामा बाला म्हनलं, "इव्हाई, काय सांगायचं तुमाला. घरी जाऊन मी रागानं समदं सांगितलं. ज्वारीतली टोपी, शेरडं, पटका, समदं. म्हनलं पोरीला सोडचिठ्ठी घेतो. ही चुलीपुढं बसून ऐकत व्हती. हसून हसून हिनं तीन भाकऱ्या करपवल्या. ठेसनावर सांगितलं तर तितं बी मानसं हसाय लागली. आता गाडी थांबली की लोक इचारत्यात, जावई काय करतोय, सांगा की परत. आन् काल ही म्हनती, बाबा, मला धाडा. त्या घरात मला रडाय लागनार न्हाय."

आयनं नाक पुसलं. मी दोन्ही हात मागं लपवून उभा, कारन दोरं अजून मनगटाला व्हतं.

आमच्यात नवी सून घरात आली की आधी घाण्याला हळदकुकू वाहती आन् घाण्याभवती पाच फेरं घेती. मगच चुलीला हात लावायचा. आयनं ताट दिलं. गोदानं घाण्याला हळद लावली, कुकू लावलं, खंड्याच्या कपाळाला बी लावलं. मग पदर सावरला, माज्याकडं पयल्यांदाच डोळं वर करून बगितलं, आन् फेरं घ्याय निघाली. डावीकडनं.

"अगं अगं पोरी!" आय आन् बा एकदमच वराडलं. "उलटं! उलटं फिरतीस!"

गोदा थांबली न्हाय. पदराच्या आतनं म्हनली, "मोटारीच्या शर्यतीत असंच पळत्यात म्हनं. ह्यास्नी दावून ठेवते."

खंड्यानं झापडातनंच मान वळिवली. बाच्या पोटातनं हसू निघालं, खंड्याला 'होऽऽ' म्हनायचा तितनंच. त्या घरात मी बाला हसताना बगितला तो पयल्यांदा त्या दिशी. पाच फेरं तिनं पुरं केलं, उलटं. आन् शेवटच्या फेऱ्याला माज्याजवळनं जाता जाता हळूच इचारलं, "लग्नात तुमी लाडवाकडंच बगत व्हता. चेहरा ध्यानात ऱ्हाईल का आता?"

ऱ्हायला.